दादाचा गोटा आणि माझी दगडी सुरी

“वन्सं, सुरी करायला शिकायचीय का?”

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते, त्यामुळे हिला पलीकडून दिसतंय की काय असंच मला आधी वाटलं. साठी उलटलेल्या नणंदेला सकाळी सकाळी फोन करून कोणी असं विचारतं का?

“कसली सुरी?”

“दगडाची. तुमचे दादा करायचे तशी. चार दिस या राहायला. वर्षश्राद्धाच्या आदी या, मंग नको.”

शेवटचं ती घाईघाईने बोलली आणि फोन ठेवला. आमची वहिनी फोनवर घाई करणारी नाही. भाजी कोणती केलीस इथून सुरुवात करून ती माझ्या शेजारणीच्या सुनेपर्यंत पोचते. म्हणून मी कांदा तसाच टाकला आणि माळ्यावरून बॅग काढली.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, हा ब्लॉग म्हणजे माझं भटकणं, खाणं आणि मधेमधे एसटी महामंडळाशी भांडणं. या वेळी तेवढी मजा नाही, आधीच सांगून ठेवते. ज्यांना पेण-रोह्याला कसं जायचं आणि काय खायचं एवढंच हवंय त्यांनी मधलं सोडून द्यावं. मी रागावणार नाही. म्हणजे थोडी रागावेन, पण सांगणार नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. निडीला राहायचा. निडी हे नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं गाव, स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच थांबतात, तेव्हा टाइमटेबल बघितल्याशिवाय तिकडे ट्रेनने जायचा शहाणपणा करू नका. नोकरी धाटावच्या कंपनीत, शिफ्टची. रिटायर झाल्यावर लोक देवळाच्या कमिटीत घुसतात, हा ओढ्यावर जायला लागला. त्याचं झालं असं की अंगणातलं गटार दुरुस्त करताना गारेचा, म्हणजे गारगोटीचा, एक दगड फुटला आणि त्याच्या कपचीने ह्याचा अंगठा कापला. रक्त पुसायचं सोडून हा बघत बसला, दगडाला एवढी धार आली कुठून. तिथून नाद लागला. ओढ्यातून गारेचे दगड वेचून आणायचे, हातातल्या गोट्याने त्यांच्यावर मारून पातळ कपच्या काढायच्या आणि त्यांच्या सुऱ्या करायच्या.

तो त्याला ‘टवके काढणं’ म्हणायचा. वहिनी चिडली की ‘दगडं फोडणं’ म्हणायची. शेजारणीने “सुलभे, तुझे मालक काय करतात गो दिसभर?” असं विचारलं की हिचं उत्तर ठरलेलं, “सजा भोगतायत. दगडं फोडतात.” मीही कमी चिडवलं नाही त्याला. बाबा रे, लोखंडाचा शोध लागून युगं लोटली, तुला कोणी कळवलं नाही का? तो नुसता हसायचा आणि खिशातून गोटा काढून तळहातावर खेळवत बसायचा. काळा, गुळगुळीत, बदकाच्या अंड्याएवढा दगड. सगळे टवके तो त्याच एका गोट्याने काढायचा. लोक खिशात मोबाइल ठेवतात, हा तो ठेवायचा.

गेल्या वर्षी थंडीत, पोपटीच्या दिवसांत दादा अंगणात बसल्या बसल्या गेला. गेला तेव्हाही गोटा पॅन्टच्या खिशात होता.

आता प्रवासाचं. ठाण्याहून रोह्याची एसटी मिळते, पनवेल, पेण, नागोठणे करत जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बायांनो, उगाच गाडी काढून पेट्रोलवर पैसे उधळू नका. हायवेबद्दल मी काही लिहिणार नाही, लिहायला बसले तर तोंडातून वाईटसाईट जाईल. पाठीमागे घ्यायला उशी ठेवा आणि खाणं पेणला उतरूनच करा. स्टँडबाहेर गरम वडे मिळतात, चटणी झणझणीत. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्यायची तर परतीच्या वाटेवर घ्या, जाताना घेतलीत तर रोह्याला चुरा पोचेल.

मला पेणला उतरावंच लागलं, कारण वहिनीने काम लावून दिलं होतं. तिचं माहेर हमरापूर. पेणहून रिक्षा मिळते. तिचा धाकटा भाऊ प्रकाश तिथे गणपतीचा कारखाना चालवतो आणि त्याच्याकडून दादाने केलेली एक सुरी घेऊन यायची होती, नमुना म्हणून. थंडीचे दिवस, गणपती अजून कुठल्या कुठे, तरी फळ्यांवर मूर्ती दाटीवाटीने बसलेल्या. पांढऱ्या, रंग न लागलेल्या, डोळे नसलेल्या. डोळ्यांच्या कामाला हे लोक आखणी म्हणतात. लग्नाआधी वहिनी आखणी करायची, आणि लग्नानंतरही घाईच्या दिवसांत भाऊ तिला बोलावून घ्यायचाच. हात एकदम स्थिर तिचा.

प्रकाशने खिडकीतून फडक्यात गुंडाळलेली सुरी काढली. बोटाएवढी लांब, तांबूस, एका बाजूने उजेड आरपार दिसावा इतकी पातळ. पाठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे धरताना बोट कापत नाही. त्याने ओल्या शाडूच्या एका कानाची कड माझ्यासमोर तासून दाखवली. लोण्यातून फिरावी तशी फिरली.

“लोखंडाची पात वल्या मातीत गंजते, हिला काय होत नाय,” तो म्हणाला. “ताईला सांगा, परत पायजे मला. आता दुसरी कोन करनार?”

मी चहा पीत त्या बिनडोळ्यांच्या मूर्तींकडे बघत होते. विचारलं, “प्रकाश, एवढी मेहनत करायची आणि शेवटी पाण्यात. वाईट नाही वाटत?”

“आमी बगतोच कुटं? घरचा एक सोडला तर एक पन गनपती बुडताना बगितला नाय मी. टेम्पोत चढला की आमचं काम झालं. आनि ताई तर घरच्याच्या मागं पन कदी गेली नाय. आरती झाली की आत जाऊन भांडी घासत बसायची. अजून तसंच करते.”

नागोठण्यापर्यंत बस, तिथून निडीला शेअर रिक्षा. पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. अंगणातल्या तुळशीच्या बुंध्याशी दादाच्या कपच्यांचा ढीग अजून तसाच होता. वहिनी दारात आली. वाळली होती. मी मुद्दाम म्हटलं, “डाएट करतेस की काय?” तर ती हसली, पण हसू गालातच राहिलं.

जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या वालांचं बिरडं आणि भात. बिरड्याबद्दल काय सांगू? इथला वाल, त्याला नारळ आणि ती वहिनीच्या हातची चव, अशी गोष्ट हॉटेलात मिळत नाही, म्हणून या भागात कोणी ओळखीचं असेल तर संबंध टिकवून ठेवा. पण भाताचं पातेलं बघून मी चक्रावले. माणसं दोन आणि भात पंगतीचा.

“अगं, कोण येणार आहे का आणखी?”

“नाय. रोजच उरतो,” वहिनी म्हणाली. “एकटीला किती लागतो ते अजून बसत नाय माझं.”

उरलेला भात तिने सकाळी कोंबड्यांना घातला. कोंबड्या मात्र चांगल्या गुबगुबीत झाल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. आधी ओढ्यावर. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्या. ओढ्यात सगळा काळा दगड, त्यात मधूनच एखादा पांढुरका नाहीतर तांबूस गारेचा तुकडा चमकतो. वहिनी खाली बघत चालायची, उचलायची, दुसऱ्या दगडावर हलकेच आपटून कानाशी न्यायची. टण्ण वाजला तर पिशवीत, थप वाजला तर परत पाण्यात. मी विचारलं, हे तुला कधी शिकवलं त्याने? म्हणाली, शिकवलं कधीच नाही. तो अंगणात बसायचा, ती समोर बसून वाल सोलायची, किती वर्षं ते बघून बघून झालं.

घरी आल्यावर तिने मला दादाचा कंपनीतला चष्मा लावायला दिला, डोळ्यांत कपची उडू नये म्हणून. हे हसण्यावारी नेऊ नका. करून बघणार असाल तर चष्मा हवाच, मांडीवर जाड गोणपाट हवं, आणि बसायचं अंगणात, घरात नाही, कारण बारीक कपची पायात गेली तर काचेसारखी सलते. डाव्या हातात गारेचा दगड, कडा वर. उजव्या हातात मारायचा गोटा. मध्यावर मारायचं नाही, कडेच्या अगदी जवळ, तिरकं, वरून खाली. बरोबर बसलं तर दगडाच्या खालच्या अंगाने पातळ पापुद्रा सुटून मांडीवर पडतो. तोच सुरीचा जीव. मग त्याची एक बाजू बारीक ठोके मारून बोथट करायची, तिच्यावर ट्यूब गुंडाळायची, झाली सुरी.

लिहायला सोपं आहे. माझा दगड आधी फुटलाच नाही, मग फुटला तो भुगाच झाला, मग मी माझ्याच अंगठ्यावर मारून घेतलं आणि जे शब्द काढले ते इथे छापता येत नाहीत.

“जोर कशाला करता? वजन टाका नुसतं,” वहिनी म्हणाली. हे दादाचंच वाक्य, त्याच्याच चालीत.

“आणि हिची धार गेली की? कानसायची कशावर?”

“कानसत नाय. परत मारायचा गोटा, कडेचा टवका काडायचा, की खालून नवी धार येते. दर टायमाला सुरी जरा ल्हान होते.”

मी वैतागून हातातला दगड खाली ठेवला. “तुझा हा गोटाच धड नाही वहिनी. दादाचा कुठे...” आणि मध्येच थांबले. दादाचा गोटा कुठे गेला ते मला माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. गेल्या वर्षी स्मशानात त्याला नेलं तेव्हा दादाचा मुलगा निलेश बापाच्या खिशातून निघालेला तो गोटा मुठीत धरूनच उभा होता. दगड शोधायची वेळ आली तेव्हा त्याने तोच पुढे केला. दादाचा गोटाच दादाचा जीवखडा झाला.

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. चितेभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरतात तेव्हा ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात तो जीवखडा. गेलेला माणूस दहा दिवस त्या दगडात असतो असं मानतात. त्याला रोज तिळाचं पाणी देतात, आणि दहाव्याला नदीवर पिंडदान झालं की तो पाण्यात सोडतात. आमचा रोह्याला कुंडलिकेत सोडला होता. असं मला वर्षभर वाटत होतं.

वहिनी उठली. आत गेली आणि तांदळाचा मोठा डबा उचलून अंगणात घेऊन आली. मला वाटलं आता भात लावणार. तिने कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपला आणि गोटा बाहेर काढला. काळा, गुळगुळीत, बदकाच्या अंड्याएवढा. त्याला तांदळाची पिठी लागली होती. ती तिने पदराने पुसली.

“दहाव्याच्या सकाळी पुरुषमान्सं टेम्पोत बसत होती,” ती म्हणाली. “निलेश आंगोळीला गेलेला. हा फडक्यात बांधून तुळशीपाशी ठेवला होता. मी फडकं सोडलं, हा काडून घेतला आनि दुसरा बांदला. तेवडाच, तसाच. ह्यांनीच वड्यातून आनून टाकलेला होता कवातरी.”

मी विचारलं ते काय, तर, “आणि कावळा?”

“कावळा तर लगेच शिवला. सगले म्हनाले, मानसाची काय इच्छा मागं राहिली नाय.”

आणि मला हसू आलं. खरं सांगते, आवरेना. तो कुठला कोण ओढ्यातला दगड, त्याने ऐटीत दादाची पिंडं घेतली, सगळ्यांचे नमस्कार घेतले आणि कुंडलिकेत जाऊन बसला. वहिनीही हसायला लागली. दोघी डोळे पुसत हसलो, आणि पुसता पुसता तिचं हसणं कधी रडण्यात गेलं ते मला कळलंच नाही. मग मीही रडले. दादा गेल्यापासून मी तिच्यासमोर रडले नव्हते.

“मला वाटलं, दोन दिस ठेवीन, मंग जाऊन सोडीन,” ती म्हणाली. “मंग भात लावताना हाताला लागायला लागला. रोज इचारते, आज किती घेऊ? एक वाटी की दोन? आनि दोन घेते. परवा वर्षश्राद्ध हाय वन्सं. वर्ष झालं की मानूस पितरांत जातो. ह्यो कसा जानार? ह्याला तर मी तांदलात पुरून ठेवलाय. निलेश पिंड ठेवनार, तो कोनाला मिळनार? माझ्यापाई ह्यांना ना हितं जागा ना तितं. तुमी त्यांचं रक्त. म्हनून तुमाला बोलावलं. सुरीचं निमित्त.”

मी या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही, हे वाचकांना माहीत आहे, त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. म्हटलं, “वहिनी, दगड आहे तो. राहू दे डब्यात. कोण येतंय बघायला?”

“दगड हाय ना नुसता? मंग घ्या हातात.”

घेतला. त्याचं एक टोक ठोके मारून मारून खरबरीत झालं होतं, देवीच्या वणांसारखं. आणि एका अंगाला उथळ खळगा होता. गोटा जन्माने गुळगुळीत होता, पण हा खळगा नंतरचा, रोज तिथे अंगठा टेकून झालेला. माझा अंगठा आपसूक त्यात जाऊन बसला. आमच्या घरात सगळ्यांचे अंगठे असेच, आखूड आणि रुंद. वहिनी बघत होती. मी चष्मा लावला, गारेचा दगड घेतला, कडेला वजन टाकलं आणि टण्ण आवाज होऊन एक कपची मांडीवरच्या गोणपाटावर पडली. अखंड, पानासारखी. ती उचलताना बोट कापलं तरी मला कळलं नाही. दादाला दाखवायला मी मान वर केली होती.

तर अशी माझी सुरी झाली. वहिनीने पाठ बोथट करून दिली, दादाच्या उरलेल्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, आणि त्या सुरीने आम्ही संध्याकाळी काकडी चिरली. छान कापते. गोटा पुन्हा डब्यात गेला. जेवताना वहिनी म्हणाली, “उद्या रोह्याला जाऊ. निलेश यायच्या आत सोडून येऊ,” आणि मी ताट उचलून मोरीत नेलं.

सकाळी रिक्षाने निघालो. निडीहून रोहा फार लांब नाही. रस्त्यावर धाटावची शिफ्ट सुटलेली, दुचाक्यांवर डबे लटकवलेली माणसं समोरून येत होती. वहिनी एकेक चेहरा बघत होती. गोटा माझ्याकडे होता, फडक्यात, पर्समध्ये. तिनेच दिला, “मी धरला तर परत घरी घेऊन जाईन” म्हणून. आणि मी वाटभर तिच्याशी वाद घालत होते. निलेशला सांगू या, त्याला दे, त्याच्या मुलांना आजोबांची आठवण होईल. नाहीतर मला दे. इतकं मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं आयुष्यात. वहिनी म्हणत होती, “तुमी तर मानत नाय ना वन्सं? मंग तुमाला कशाला पायजे?”

रोह्याच्या बाजारात पोपटीची मडकी लागली होती, उतरंडीच्या उतरंडी. हौशी लोकांसाठी सांगते, थंडीत आलात तर पोपटी खाल्ल्याशिवाय जाऊ नका, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं करून आगीत. मुक्काम करायचा तर लॉज रोह्यातच आहेत, निडीत नाहीत. आम्ही काही घेतलं नाही. मडकी दिसली तशी वहिनीने पदर ओढून मान दुसरीकडे वळवली, मीही तिचा हात धरून भराभर पुढे गेले.

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. दहाव्यालाही आम्ही दोघी घरीच होतो. म्हणून आम्ही हातात भाजीच्या पिशव्या घेतल्या, जशा काही बाजार करून नदी बघायला आलोय. पाणी संथ होतं, काठाशी उथळ, तळाचे दगड दिसत होते. एक म्हातारा पलीकडे अंघोळ करत होता, त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

मी गोटा फडक्यातून काढला. अंगठा खळग्यात बसला. वहिनीने हात पुढे केला. आणि माझी मूठ उघडेना. मी तिला वाटभर सांगत होते की दगड आहे, दगडच आहे, आणि तो दगड माझ्या हातातून सुटत नव्हता. हा अंगठा माझ्या भावाचा होता. याच अंगठ्याने त्याने मला लहानपणी चिंचेचे आकडे फोडून दिले होते, दार उघडत नसलं की कडी काढून दिली होती. जगात तेवढीच एक जागा उरली होती जिथे तो अजून होता, आणि वहिनी ती मला पाण्यात टाकायला सांगत होती.

“द्या वन्सं.”

“नाही देणार.”

“ल्हान पोरासारखं करू नका. त्यांना जायचंय.”

तिने माझी बोटं एकेक करून उघडली, मुलाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तशी, हळू, कापू नये म्हणून. गोटा घेतला. साडी गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यात शिरली, वाकली. टाकला नाही तिने, ठेवला. हात पाण्याखाली तसाच होता बराच वेळ. तिचे ओठ हलले ते मी काठावरून ऐकलं.

“किती घ्यायचे ते आता मी बगीन. तुमी जावा.”

मग हात वर आला, रिकामा.

असं सोडून आलं की मागे वळून बघायचं नसतं. मी तिला म्हटलं, चल, वळ आता. वहिनी तशीच उभी राहिली पाण्यात. “नाय,” म्हणाली. “मी बगनार. आजवर एकाला पन जाताना बगितला नाय.” आणि ती बघत राहिली. तळाला सगळे काळे गोटेच होते, एकासारखा एक. थोड्या वेळाने मला विचारलं असतं तर त्यातला आमचा कोणता हे मला सांगता आलं नसतं. तिला अजून दिसत होता बहुतेक.

निलेश दुसऱ्या दिवशी आला, वर्षश्राद्ध झालं. त्याला काही सांगितलं नाही, आता इथे वाचेल तर वाचेल. वहिनीने पिंडांसाठी भात केला तो अगदी बेताचा, आणि पुरला.

परतताना पेणला उतरले, प्रकाशची सुरी त्याला नेऊन दिली. “ताईचं कसं काय?” त्याने विचारलं. “जेवते,” मी म्हटलं. त्याने सुरी फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवली आणि मला पापडाचं पुडकं दिलं, पैसे घेतले नाहीत. पापड न चुरता ठाण्याला पोचले, ही या प्रवासातली सगळ्यात मोठी कमाई समजा.

माझी सुरी ओट्यावर असते. आल्या आल्या कौतुकाने रोज लिंबू तिच्यानेच कापायचे. येईल त्याला दाखवायचे, मी केली म्हणून. गेल्या आठवड्यापासून लिंबू कापलं जात नाही, नुसतं दाबलं जातं, साल फाटते. उपाय मला माहीत आहे. वजन टाकायचं, कडेचा टवका काढायचा, खालून नवी धार येईल. वहिनीच्या ओढ्यावरचा एक गोटा निघताना मी बॅगेत टाकलाच होता, तो खिडकीत आहे. त्यावर अंगठा टेकून बघितला. घसरतो.

काल वहिनीचा फोन होता. कोणती भाजी केली, शेजारीण काय म्हणते, सगळं झालं. म्हणाली, “आज एक वाटी लावला. कोंबड्यांना द्यायला काय उरलं नाय.” मग विचारलं, “सुरी कापते का अजून?”

“कापते की,” मी म्हटलं.

फोन ठेवला, खणातून स्टीलची सुरी काढली आणि लिंबू कापलं. दगडाची धुऊन, पुसून परत तिच्या जागी ठेवली.